टायग्याचा दिवस

शेतावरच्या कुत्र्याचं म्हातारपण आधी कानात उतरतं. डोळ्यांत निळसर झाक येते, मागचे पाय लचकायला लागतात, पण हे सगळं नंतर. रात्री मोटारसायकल थेट अंगणात येऊन उभी राहते आणि कुत्रं मान वर करत नाही, तेव्हा घरातली माणसं एकमेकांकडं बघतात. आमच्या वस्तीवर टायगरचं असंच झालं. नाव टायगर, हाक मारताना टायग्या. गावरान, तांबूस, छातीवर पांढरा पट्टा. वय बारा-तेराच्या पुढं. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा तो आधीपासून इथं होता, एवढाच त्याच्या वयाचा पुरावा.

आमचं राळेगणसिद्धी म्हटलं की बाहेरच्या माणसाला अण्णा हजारे, यादवबाबांचं मंदिर आणि नाल्यांवरचे बंधारे आठवतात. १९७५ मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णांनी गावाला कामाला लावलं. पुढं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाच्या अंगवळणी पडली. त्यातल्या चराईबंदीनं जनावरं दावणीला आली, दूध वाढलं, हे खूप वेळा लिहून झालंय. कुत्र्याचं कामही त्याबरोबर बदललं, ते मात्र कुणी लिहीत नाही. रानात कळपामागं धावण्याऐवजी आता गोठा, कांद्याची चाळ आणि मोटारीची केबल राखायची. शिवाय पारनेर-शिरूर-जुन्नर या पट्ट्यात ऊस वाढला तसा बिबट्याही वाढला, आणि बिबट्याला कुत्र्याइतकं सोपं भक्ष्य दुसरं नाही. ज्याला ऐकू येत नाही ते तर आणखीच सोपं. म्हणून टायग्याला रात्री पडवीत घ्यायला लागलो. राखणदारालाच राखायची वेळ आली होती.

मग तो पाणी जास्त प्यायला लागला. भाकरी हुंगून सोडून द्यायची, पाण्यावर मात्र तुटून पडायचं, वर उलटी. डॉक्टर आमच्याकडं येतात ते गाय भरवायला, नाहीतर कासेला दगडी झाली म्हणून. त्या दिवशी गाईचं झाल्यावर त्यांनी टायग्याचा ओठ वर केला. हिरडी फिकी होती. अंगठ्यानं दाबून सोडली तर पांढरा पडलेला ठिपका पुन्हा गुलाबी व्हायला उशीर लागला. तोंडाला उग्र वास. रक्त तपासायला पाठवलं, क्रिएटिनीन फार वाढलेलं निघालं. मूत्रपिंडं संपत आली होती.

"दुखण्याची काही गोळी घातली का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. घरातल्या नानांची गुडघेदुखीची गोळी भाकरीत घालून द्यावी, असा विचार झाला होता. डॉक्टरांनी वेळेवर अडवलं. माणसाची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं कुत्र्याच्या यकृताला, पोटाला, मूत्रपिंडाला घातक ठरतात. डायक्लोफिनॅकची गोष्ट तर त्याहून मोठी. ते दिलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम वापरतात, पण मूत्रपिंडं गेलेल्या कुत्र्याला तेही नको, असं ते म्हणाले. म्हणजे दुखणं होतं आणि त्यावर द्यायला फारसं काही नव्हतं.

डॉक्टरांनी निर्णय सांगितला नाही. खुणा सांगितल्या. खातो का, लघवीला स्वतः उठतो का, आपलं माणूस आलं की शेपटी हलते का. रोज बघा आणि लिहून ठेवा, मनावर सोडू नका. मन रोज वेगळं सांगतं. वहिनींनी हे काम कालनिर्णयवर केलं. डेअरीला घातलेल्या दुधाचे आकडे जिथं लिहिलेले असतात त्याच चौकोनात, कोपऱ्यात, बऱ्या दिवसाला टिंब आणि वाईट दिवसाला फुली. सुरुवातीला टिंबं जास्त होती. मग फुल्यांमध्ये एखादं टिंब दिसायला लागलं. आम्ही सगळे भिंतीपुढून जाताना तिकडं न बघितल्यासारखं करून बघायचो.

गावात मात्र या विषयाला सरळ हात घालता येत नाही. 'इंजेक्शन द्यायचं' एवढंच म्हणतात, कशाचं ते बोलत नाहीत. नाना माळकरी, पिंपळनेरच्या निळोबारायांच्या दिंडीत वर्षानुवर्षं चाललेले. त्यांचं म्हणणं, हत्या ती हत्याच, आपोआप जाऊ द्या. हा शब्द ऐकायला फार सात्त्विक वाटतो. आपोआप म्हणजे काय ते मी जवळून बघितलंय: एका कुशीवर पडून ढुंगणाच्या हाडावरची कातडी झिजते, जखम होते, माशा बसतात, आणि एक दिवस त्यात अळ्या वळवळताना दिसतात. टायग्याच्या मांडीवर जखमेची सुरुवात झाली होती. वहिनी सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यानं धुऊन जांभळा स्प्रे मारायच्या, मागच्या अंगाखाली धुतलेलं पोतं बदलायच्या, कूस बदलून द्यायच्या. ते पुण्य असेल तर त्यातलं बरंचसं नानांच्या वाट्याला नव्हतं, हे मी त्यांना बोललो नाही.

शेजारच्या वस्तीवरचे अण्णा, हजारे नव्हेत, बोलायला आले. धर्मराजानं कुत्र्याला टाकून स्वर्गातही जायला नकार दिला, म्हणाले. नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धाव घेतली. दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री. सगळं खरं. यावर उत्तर दिलं ते नानांनीच, आणि तिथं त्यांचं मत फिरल्याचं मला कळलं : "धर्मराजासाठी इंद्र रथ घेऊन आलता. आपल्याकडं बिबट्या येतो, अण्णा."

मला या गोष्टींत एक वेगळीच उणीव दिसते. संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचं स्मारक आहे. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून, तो १९३६ चा असूनही, अजून वाद पेटतात. आमच्याच जिल्ह्यात दायमाबादला १९७४ मध्ये जमिनीखालून ब्राँझच्या वस्तू निघाल्या, हजारो वर्षांपूर्वीच्या. त्यातल्या बैलांच्या रथाच्या दांडीवर, हाकणाऱ्याच्या पुढं, एक कुत्रं उभं आहे. ही सगळी कुत्री कामावर आहेत. कुणी वाचवतंय, कुणी इमान राखतंय, कुणी पुढं उभं राहून वाट बघतंय. पोत्यावर पडून राहिलेल्या, कामातून गेलेल्या कुत्र्याचं काय करायचं, हे एकाही कथेत नाही. ते घराघरानं आपलं आपण शोधायचं असतं.

ठरलं, पण दिवस ठरेना. चैत्र चालू होता, कांदा काढणी जोरात. आधी कांदा चाळीत पडू द्या, मग बघू, असं झालं. मग एकादशी आली, ती नको. गुरुवार दत्ताचा, तो तर नकोच. रविवार खंडोबाचा, तिथंही कुत्र्याचाच मान. आईनं अमावस्या काढून टाकली. पंचांगातले वार असे गळत राहिले असते तर टायग्या अमर झाला असता. शेवटी डॉक्टर फोनवर एवढंच बोलले, "वार तुम्ही बघा, पण कुत्र्याकडं बघून बघा." वहिनींनी कालनिर्णय काढून नानांच्या पुढ्यात धरलं. त्या आठवड्यात टिंब नव्हतं.

सकाळी उन्हं चढायच्या आत डॉक्टर आले. आईनं दूध-भाकरी कुस्करून ठेवली होती. पहिल्या इंजेक्शननं उलटी होऊ शकते, पोट रिकामं बरं, असं डॉक्टरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तरी आईचा हात वाटीवरून निघेना. दुधात बोट बुडवून जिभेला लावायला त्यांनी हरकत घेतली नाही. टायग्यानं ते चाटलं.

पुढचं काम आश्चर्य वाटावं इतकं सावकाश चालतं. डॉक्टर आधी जमिनीवर बसले आणि काय काय दिसेल ते सांगत गेले. डोळे मिटणार नाहीत. लघवी होईल. श्वास थांबल्यावरही एखादी उचकी लागेल, पाय हलेल. तो जागा झाला असं समजू नका. हे आधी सांगणं हा औषधाइतकाच कामाचा भाग आहे, असं मला वाटतं. मग संमतीच्या कागदावर नानांची सही. १९६० च्या प्राणी-क्रूरताविरोधी कायद्यात यातनेतल्या जनावराला सोडवण्याची वाट ठेवलेली आहे. भटक्या कुत्र्यांसाठीच्या २०२३ च्या नियमांतही असाध्य आजारी कुत्र्याला प्रशिक्षित पशुवैद्यानं, वेदना न होऊ देता, शिरेतून औषध देऊन सोडवावं असं म्हटलंय. एके काळी नगरपालिका विष घालून कुत्री मारत, त्याची आठवण असलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही.

पहिलं इंजेक्शन मांडीत, गुंगीचं. डोकं हळूहळू वहिनींच्या मांडीवर जड झालं. मग पुढच्या पायावरचे केस ब्लेडनं काढले, वर रबरी नळी आवळली, बोटानं शीर चाचपली. म्हाताऱ्या, पाणी कमी झालेल्या कुत्र्याची शीर सापडणं अवघड, ती सुईखालून निसटते. सुईच्या मागच्या टोकात रक्ताचा थेंब आला तसं डॉक्टरांनी नळी सोडली आणि चिकटपट्टी लावली. थायोपेंटोनच्या बाटलीत पिवळसर भुकटी असते. तीत पाणी सोडून त्यांनी ती तळहातावर फिरवली, विरघळल्याची उजेडात खात्री केली. हे भूल देण्याचंच औषध, मात्रा तेवढी जास्त. आधी झोप, मग खोल बेशुद्धी, मग श्वास, मग हृदय. सिरिंज निम्मीही झाली नव्हती तोवर छातीचं वरखाली होणं थांबलं. डॉक्टरांनी पूर्ण दिली. डाव्या कोपरामागं स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले. बुबुळाला बोट लावून बघितलं, पापणी हलली नाही. पुन्हा स्टेथोस्कोप लावला. मगच नानांकडं बघून मान हलवली. सांगितल्याप्रमाणे एक उचकी आली आणि सांगितलेलं असूनही आई दचकली.

पुरणं हे वेगळंच काम. या औषधानं गेलेलं जनावर उघड्यावर टाकायचं नसतं; कोल्हा, तरस, गिधाड, जे खाईल त्याला विष चढू शकतं. विहिरीजवळ नको, ओढ्याच्या काठाला नको. आमच्या रानात वरची माती हातभर, खाली मुरूम, त्याखाली पाषाण. चैत्रात तो मुरूम टिकावाला दाद देत नाही, पहार घालून फोडावा लागतो, पहारीचा आवाज दगडाचाच येतो. भाऊ आणि मी आळीपाळीनं खणत होतो. कमरेइतकं झाल्यावर मी पुरे म्हणालो. नाना काठावरून म्हणाले, "तरस उकरून काढील. अजून." छातीइतकं खणलं. पोत्यात गुंडाळून ठेवला, वर जाडं मीठ, मग मुरूम पायानं दाबून बसवला, त्यावर धोंडे आणि बाभळीच्या काट्या. पूजा नाही. आईनं हळद-कुंकू आणलं होतं, ते नाना बघत नसताना टाकलं. नाना बघत होते.

डॉक्टरांनी पैसे इंधनापुरते घेतले आणि जाताना गोठ्यातल्या कालवडीचा कान बघून गेले.

कुत्रं आता नको, असं आईनं जाहीर केलं. चाळीत कांदा आणि गोठ्यात वासरं असताना हे टिकणार नव्हतं. वाडेगव्हाणच्या बाजूला एका वस्तीवर कुत्री व्यालेली, नानांनी आधीच सांगून ठेवलेलं निघालं. नर सगळे दिलेले, एक मादी राहिली होती. मादी नको, दरवर्षी पिल्लांचं कोण करणार, यावर घरात पुन्हा दोन तट पडले. रेबीजची लस तीन महिन्यांची झाली की द्या, डॉक्टर फोनवर म्हणाले, आणि मादीची काळजी करू नका, शस्त्रक्रिया मी करून देतो. "नसबंदी तुमच्या पंचसूत्रीत आहेच की, नाना."