गेरार्ड्सबर्गनची भिंत

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात डेंडर नदीकाठी गेरार्ड्सबर्गन हे जुनं गाव आहे. गावाला खेटलेली टेकडी जेमतेम ११० मीटर उंच. तरीही तिच्यावर चढणारा रस्ता सायकलशर्यतीच्या जगात ‘म्यूर’, म्हणजे भिंत, म्हणून ओळखला जातो.

नदीपासून चढ साधारण एक किलोमीटरचा. बाजारचौक मागे पडला की रस्ता अरुंद होत झाडीत शिरतो आणि काही ठिकाणी चढ २० टक्क्यांच्या आसपास जातो. पायाखाली डांबर नाही, दगडी फरसबंदी. ओल्या दगडांवर सीटवरून उठून जोर लावला, तर मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते जागच्या जागी फिरतं. बसूनच चढावं लागतं आणि सगळा ताण मांड्यांवर येतो. २०१० साली सायकलपटू फाबियान कान्चेलाराने प्रतिस्पर्धी टॉम बूननला इथेच मागे टाकलं, तेही सीटवर बसूनच. माथ्यावरच्या चॅपेलपाशी पोचेपर्यंत शर्यतीचा निकाल जवळपास लागला होता.

ती शर्यत म्हणजे ‘टूर ऑफ फ्लँडर्स’. पत्रकार कारेल व्हान वाइनेंडाले यांनी ती १९१३ साली सुरू केली. एका दिवसात अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतर आणि वाटेत असे दगडी चढ. त्यात म्यूर १९५० साली आला आणि पुढे कित्येक वर्षं शेवटून दुसरा चढ राहिला. थकलेल्या पायांची खरी परीक्षा तिथेच व्हायची.

२०१२ साली शर्यतीचा शेवट औडेनार्डेला हलवला आणि म्यूर मार्गातूनच वगळला. गावकऱ्यांनी निषेध म्हणून त्याची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. त्यांचा राग मला रास्त वाटतो. प्रेक्षकांच्या तंबूंसाठी नव्या मार्गातल्या त्याच त्या चढांच्या फेऱ्या सोयीच्या असतील, पण या चढाला पर्याय नव्हता. २०१७ साली तो परतला, तोही शेवटापासून तब्बल ९५ किलोमीटर आधी. तरी बूननने तिथेच वेग वाढवला, मुख्य घोळका फुटला आणि पुढे निसटलेल्यांपैकी त्याचाच संघसहकारी फिलिप जिल्बेर जिंकला.

म्यूर निर्णायक ठरताना पाहायचा असेल, तर आता हंगामाच्या सुरुवातीच्या ‘ओम्लूप’ शर्यतीला जावं. २०१८पासून तिचा शेवट म्यूर, बोसबर्गचा चढ आणि मग निनोव्हे शहर असा, जुन्या ‘टूर ऑफ फ्लँडर्स’च्या वळणाचा झाला. सायकली यायला वेळ असेल तर गावातला ‘माटनटार्ट’ जरूर खावा. नासवलेल्या दुधाच्या सारणाची ही गोल पेस्ट्री गेरार्ड्सबर्गनची खासियत आहे, आणि तिच्या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे.