पाय टेकत नाहीत? आधी स्प्रिंग बघा
हिमालयन ४५०ची सीट ८२५ मिमी उंच. पाय पुरत नाहीत म्हणून लगेच लोअरिंग लिंक बसवू नका, कळकळीची विनंती! कमी वजनाच्या रायडरखाली मूळ स्प्रिंग पुरेशी दबत नाही, म्हणून बाइक आणखी उंच वाटते. मागचं चाक अधांतरी असताना त्याच्या अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंतचं माप घ्या, मग बाइकवर बसून मित्राला पुन्हा मोजायला सांगा. सस्पेन्शनचा ट्रॅव्हल २०० मिमी, त्यामुळे फरक साधारण ६० मिमी हवा. कमी भरला तर प्रीलोड सैल करा. तरी जमेना तर वजनाला साजेशी मऊ स्प्रिंग. ८०५ मिमीची लो सीटही मिळते.

लिंक बसवलीच, तर पुढचे फोर्कही क्लॅम्पमध्ये वर सरकवा, नाहीतर हँडल जड वळतं. साइड स्टँडही आखूड करून घ्या. लांब राहिला तर उभी बाइक पलीकडे कलंडते.