झाडांची निवड आणि हवामान

बागेसाठी रोप निवडताना आपण बहुधा त्याचे फूल पाहतो. परंतु प्रत्येक वनस्पती तिच्या मूळ प्रदेशातील हवामानाच्या सवयी बरोबर घेऊन येते. त्या सवयी न ओळखता लावलेले रोप, कितीही निगा राखली तरी, नीट वाढत नाही. बंगळूर शहराच्या उदाहरणावरून ही गोष्ट चांगली समजते.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. ‘थंड हवेचे शहर’ असा त्याचा लौकिक आहे. तरीही तेथे हिवाळ्यात रात्रीचे तापमान साधारणतः १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. १८८४ च्या जानेवारीत ते ७.८ अंशांपर्यंत उतरले होते. परंतु पाणी गोठवणारी थंडी तेथे पडत नाही.

ट्युलिप, सफरचंद यांसारख्या वनस्पती कडक हिवाळ्याच्या प्रदेशातील आहेत. थंडीत त्या वाढ थांबवून विश्रांती घेतात. कित्येक आठवडे पुरेशी थंडी मिळाल्यावरच त्यांना चांगला बहर येतो. म्हणून काश्मीरमध्ये दरवर्षी फुलणारा ट्युलिपचा कंद बंगळूरच्या अंगणात सहसा पुन्हा फुलत नाही. लावणाऱ्याला वाटते, आपलीच निगा कमी पडली; वास्तविक उणीव थंडीची असते. याउलट, जास्वंद हिमवर्षावात उघड्यावर राहिली, तर तिच्या पेशींतील पाणी गोठते व ती मरते.

हे मर्म गुस्ताव क्रुम्बिगेल यांनी जाणले होते. ते जर्मनीचे. इंग्लंडमधील क्यू येथील प्रसिद्ध उद्यानात काम केल्यावर १८९३ साली ते बडोदा संस्थानात आले आणि १९०८ मध्ये बंगळूरच्या लालबागेत रुजू झाले. त्यांचा स्वतःचा देश थंडीचा. परंतु या शहरासाठी त्यांनी उष्ण प्रदेशांतील फुलझाडांवर भर दिला. एका झाडाचा बहर ओसरताच दुसऱ्याचा यावा, अशी त्यांची योजना होती. जॅकरंडा, टॅबेबुया, गुलमोहर अशा परदेशांतून आलेल्या झाडांनी आज बंगळूरचे रस्ते फुलतात, ते हवामान मानवल्यामुळेच.

निवडीप्रमाणे निगाही ऋतूनुसार बदलावी लागते. हिवाळ्यात बहुतेक झाडांची वाढ मंदावते. अशा वेळी कुंडीतील वरची माती सुकल्यावरच, शक्यतो सकाळी, पाणी घालावे व खत कमी करावे. कडाक्याची थंडी पडते तेथे नाजूक रोपांच्या कुंड्या घरात उजेडाच्या जागी ठेवाव्यात. जमिनीतील रोपांच्या मुळांवर वाळलेल्या पालापाचोळ्याचा थर द्यावा. उन्हाळ्याच्या सुरुवातीस आतील रोपे एकदम कडक उन्हात न नेता हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावावी.

रोपवाटिकेत रोप घेताना त्याच्या किमतीबरोबरच ते मूळचे कोठले, हेही विचारावे. रोप आपल्या मर्जीने निवडता येते, ऋतू मात्र निवडता येत नाही.