नॅशनल पार्क: पाण्याने राखलेलं रान

पावसाळ्याचा जोर वाढला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक छोटी बातमी ठरल्यासारखी येते: तुळशी तलाव भरून वाहू लागला. शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांतला हा सगळ्यात लहान, ८०४ कोटी ६० लाख लिटरांचा. त्यातून रोज मिळतं सुमारे १ कोटी ८० लाख लिटर पाणी. मुंबईला दिवसाकाठी जवळपास ३९० कोटी लिटर पुरवलं जातं, त्यापुढे हे म्हणजे पानातलं मीठ. तरीही बातमी वाचून माणसं सुखावतात. गंमत अशी, की ज्या रानात हा तलाव आहे तिथे रविवारी डबे घेऊन जाणाऱ्या कुटुंबांपैकी बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाच नसतो.

त्या रानाचं सरकारी नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. बोरिवलीत मात्र कुणी एवढं लांबलचक बोलत नाही. ‘नॅशनल पार्क’ म्हटलं की रिक्षावाला मीटर टाकतो. त्याआधी ते बोरिवली राष्ट्रीय उद्यान होतं, त्याही आधी कृष्णगिरी उपवन. आजचं नाव मिळालं १९८०च्या दशकात. क्षेत्रफळ १०४ चौरस किलोमीटर. काही भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात, काही ठाण्यात. पश्चिमेला बोरिवली-मालाड, पूर्वेला मुलुंड-भांडुप, ठाण्याच्या बाजूला येऊर आणि घोडबंदर रस्त्यापलीकडे वसईच्या खाडीला टेकलेला नागला बंदराचा तुकडा. चहूबाजूंनी इमारतींचा वेढा आणि मधे हे हिरवं घोंगडं.

सहलीला येणाऱ्यांचं नॅशनल पार्क यातल्या एका कोपऱ्यात मावतं. पश्चिम द्रुतगती महामार्गावरचं फाटक, तिकिटाची खिडकी, मग सरळ जाणारा डांबरी रस्ता. मेट्रो ७ वर ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचं स्थानक झाल्यापासून अंधेरी-गोरेगावकडच्या मंडळींचीही सोय झाली आहे. आत नौकाविहार आहे, भाड्याच्या सायकली आहेत, गांधी टेकडीवर स्मृतिमंडप आहे. रानातल्या आदिवासी पाड्यांवरच्या बाया टोपलीत काकडी, आवळे, चिंचा, दिवसांप्रमाणे करवंदं आणि कैऱ्या घेऊन बसलेल्या असतात. त्या काकडीवर माकडांची नजर असते, आणि मुलाच्या हातातली काकडी गेली की रडणं, हसणं आणि मोबाइलवरचं चित्रण एकदमच सुरू होतं.

आणि ‘वनराणी’. मुंबईत लहानपण गेलेल्या दोन पिढ्यांच्या अल्बममध्ये या खेळण्यातल्या गाडीच्या खिडकीतून बाहेर आलेला एक तरी चेहरा सापडतो. पूल ओलांडत, बोगद्यातून जात ती गांधी टेकडीच्या पायथ्याशी एक फेरी मारी. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात तिच्या रुळांचं नुकसान झालं आणि पुढे बराच काळ ती उभीच राहिली. त्या काळात गाडी नाही म्हणून फाटकातूनच मागे ओढणाऱ्या मुलांची समजूत काढताना आईबापांची तारांबळ उडाली.

सफारीबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. जाळीच्या बसमधून दिसणारे सिंह आणि वाघ या रानातले नव्हेत. ते बंदिस्त कुंपणात वाढलेले, पाळलेले प्राणी आहेत. २०२२ मध्ये गुजरातहून सिंहाची जोडी आली आणि बदल्यात इथली वाघाची जोडी तिकडे गेली, म्हणजे चक्क साटंलोटं. मुलांना ते बघायला मजा येते, यात वाद नाही. पण तेवढंच पाहून परतलेल्या कुटुंबाने नॅशनल पार्क पाहिलं असं म्हणणं म्हणजे ओसरीवर चहा घेऊन वाडा पाहिल्याचं सांगण्यासारखं आहे.

वाडा सुरू होतो तो रस्ता चढू लागल्यावर. फाटकापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटरांवर. बस जाते, सायकलही नेता येते; पण परतीचा उतार मोहक असला तरी जाताना शेवटचा चढ दमवतो. वर बेसाल्टच्या एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत, म्हणजे हजारएक वर्षं, इथे भिक्षूंचा राबता होता. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात चैत्यगृह आहे आणि त्याच्या ओसरीत दोन बाजूंना बुद्धाच्या सुमारे सात मीटर उंचीच्या मूर्ती उभ्या आहेत. एक्केचाळीस क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा दुर्मीळ अवलोकितेश्वर आहे. महाशिवरात्रीला या बौद्ध लेण्यांवर एवढी गर्दी होते, की बेस्टला जादा गाड्या सोडाव्या लागतात. त्यात कुणालाच वावगं वाटत नाही.

पण मुलांना मूर्तींपेक्षा जास्त दाखवण्यासारखं काही असेल, तर ती पाण्याची व्यवस्था. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात कोरलेलं टाकं आहे. डोंगराच्या अंगावर बारीक पन्हळ्या खोदून पावसाचं पाणी त्यांच्याकडे वळवलेलं आहे. इथल्या प्राकृत लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटलं आहे. लेणं दान करावं तशी माणसं पोढी दान करत, आणि दात्यांमध्ये सोपारा-कल्याणचे व्यापारीही असत. अशाच एका टाक्यावरच्या लेखामुळे इतिहासातलं एक लग्न आपल्याला कळलं. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी कार्दमक क्षत्रपांच्या घराण्यातली होती. लेखात तिच्या वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं शिल्लक आहे. अभ्यासक ते रुद्रदामनाचं मानतात. एकमेकांशी लढणारी दोन घराणी सोयरी होती, हे सांगायला उरलं ते पाण्याचं टाकं.

भिक्षू गेले, रान राहिलं. ते कसं राहिलं, याचं उत्तरही पाण्यातच आहे.

१८५०च्या सुमाराची मुंबई विहिरी आणि तळ्यांवर भागत होती. लोकसंख्या फुगत चालली होती आणि १८५४ साली पाण्याचा असा खडखडाट झाला, की सरकारला हात-पाय हलवणं भाग पडलं. हेन्री कॉनीबेअर नावाच्या इंजिनियरने साष्टी बेटावरच्या मिठी नदीचं पाणी विहार इथे अडवून नळाने शहरात आणायची योजना मांडली. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये मुंबईला पहिलं नळाचं पाणी मिळालं. दहा-पंधरा वर्षांत तेही अपुरं पडू लागलं, म्हणून वरच्या अंगाला तुळशी तलाव बांधला. तो १८७९ मध्ये पुरा झाला. तुळशी भरला की त्याचं पाणी आजही विहारात उतरतं.

तलाव पिण्याच्या पाण्याचे, म्हणून त्यांचा पाणलोट स्वच्छ राहायला हवा. पाणलोट स्वच्छ हवा, म्हणून भोवतीच्या डोंगरउतारांवर वस्ती-कारखाने नकोत. हा हिशेब विहारइतकाच जुना आहे. पक्षी, फुलपाखरं, बिबटे यांचं कौतुक पुष्कळ नंतरचं. गिरण्या आल्या, लोकल आली, उपनगरं पसरली; बोरिवली आणि मुलुंडच्या मधल्या या टेकड्यांवर मात्र बांधकाम चढलं नाही, कारण खाली शहराची घागर होती. आज विहार आणि तुळशी मिळून मुंबईच्या पाण्याचे शंभरातले तीन भागही पुरवत नाहीत. वैतरणा-भातसाच्या पाण्याने त्यांना केव्हाच मागे टाकलं आहे. पण त्यांच्यापायी राखलेल्या रानात अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी आणि दीडशेच्या आसपास जातींची फुलपाखरं नांदतात. पाणी थोडं, वरकमाई मोठी.

या डोंगरांकडे पाठ फिरवली तर काय होतं, तेही मुंबईने पाहिलं. विहार आणि पवईच्या सांडव्यांचं पाणी मिठीतून माहीमच्या खाडीला जातं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा गटार समजून दोन्ही काठांनी आवळलेली मिठी नदी आहे, हे कुर्ला-कलिन्याला नव्याने कळलं.

आता बिबट्या. त्याच्याशिवाय या जागेचा परिचय पुरा होत नाही, आणि ‘तो दिसेल का?’ हा मुलांचा पहिला प्रश्न असतो. बहुधा दिसणार नाही. पण त्याने तुम्हाला पाहिलं नसेल असं मात्र सांगता येत नाही. २०१८ मध्ये वन्यजीव अभ्यासक निकित सुर्वे आणि वनविभागाने स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या पाहणीत उद्यान आणि लगतच्या आरेच्या परिसरात ४७ बिबटे नोंदले गेले. २०१५ च्या पाहणीत ते ३५ होते. एवढ्या जागेत एवढे बिबटे राहतात कसे? २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने सांगितलं, की इथल्या बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. कडेच्या वस्त्यांत कचरा, कचऱ्यावर कुत्री आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

हे नातं नेहमी असं निभावलेलं नाही. २००२ ते २००४ या काळात इथे माणसांवरचे हल्ले वाढले आणि बरीच माणसं गेली. तेव्हाचा सर्रास उपाय म्हणजे पिंजरा लावायचा, बिबट्या पकडायचा आणि लांबच्या जंगलात सोडायचा. विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासाने दाखवलं, की असं उचलून टाकल्याने हल्ले कमी होत नाहीत, उलट वाढतात. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं. २०११ पासून उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये यांच्या पुढाकाराने अभ्यासक, पत्रकार आणि रहिवासी एकत्र बसू लागले. कचरा उचला, अंगणात दिवा लावा, मुलांना अंधारात एकटं पाठवू नका, एवढंच ते सांगत होते. साधं होतं, म्हणूनच पटायला वेळ लागला.

बिबट्याला मुळात हद्द कळत नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. हे आजोबा शंभरावर किलोमीटर चालत, महामार्ग ओलांडत, वसईची खाडी पार करून थेट नागल्याच्या रानात येऊन पोचले. त्यांच्यावर २०१४ मध्ये सुजय डहाके यांनी चित्रपट केला. पण त्याआधीच, २०११ मध्ये, मुंबईच्या वेशीवर रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने ते गेले.

पाड्यांवर मात्र या प्राण्याचं वेगळंच स्थान आहे. नवापाडा, रावणपाडा आणि इतर वस्त्यांत वारली, कोकणा, महादेव कोळी कुटुंबं राष्ट्रीय उद्यान व्हायच्या कितीतरी आधीपासून राहतात. लगतच्या आरेत वाघोबाची ठाणी आहेत. वाघोबाला मान द्यायचा आणि त्याच्या वाटेत आडवं जायचं नाही, ही जुनी रीत. तिला सहजीवन वगैरे जड नाव कुणी दिलेलं नव्हतं. १९९०च्या दशकात झोपड्यांची अतिक्रमणं हटवण्याचा खटला उच्च न्यायालयात गेला, १९९७ मध्ये आदेश निघाला, हजारो घरं हलवली गेली. त्या धांदलीत आदिवासी आणि अतिक्रमक यांतला फरक ज्या आस्थेने जपायला हवा होता तसा जपला गेला नाही, आणि पाड्यांचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. काकडी विकणाऱ्या बाईशी घासाघीस करण्यापूर्वी एवढं माहीत असलेलं बरं.

दरम्यान शहर आता डोंगराच्या पोटातून जाऊ पाहतं आहे. ठाणे ते बोरिवली जुळ्या बोगद्यांचा रस्ता थेट उद्यानाखालून आखला आहे आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदेही याच टेकड्यांखालून जायचे आहेत. वरचं झाड हलणार नाही, असं सांगितलं जातं. झऱ्यांचं काय होतं, ते पुढच्या पावसाळ्यांत दिसेलच.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. सोमवारी उद्यान बंद असतं. प्लास्टिक आत न्यायला मनाई आहे, तेव्हा डबा स्टीलचा घ्यावा, आणि उरलेलं माकडांपुढे न टाकता घरी आणावं. लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. शिलोंड्याच्या पायवाटेवर जायचं तर वनविभागाची परवानगी आणि वाटाड्या हवा. मुलं आठ-दहा वर्षांची असतील तर सफारीपेक्षा याच वाटेला आधी न्यावं. जून-जुलैत जाणार असाल तर फाटकाबाहेर टाकळा, कुर्डू, शेवळं विकणाऱ्या बायकांकडे थांबावं. शेवळं घेतलीत तर काकडं मागून घ्यावीत, नाहीतर घसा खाजेल.

आणि कारवीची तारीख लिहून ठेवावी. जिच्या काठ्यांनी कुडाच्या भिंती उभ्या राहतात ती ही कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. २००८ मध्ये नॅशनल पार्कचे उतार जांभळे झाले, मग २०१६ मध्ये, मग २०२४ मध्ये. पुढचा बहर २०३२ च्या पावसाळ्याअखेर.