मागणीचा माल आणि जर-तरचा न्याय

खर्डीहून कल्याणकडे निघाले की वाटेत वासिंद लागते. तेथे जिंदल समूहाचा पोलादाचा कारखाना आहे. जस्ताचा थर व रंग दिलेला पत्रा येथे होतो. अशा पत्र्याची जाडी, रुंदी, थर, रंग या गोष्टी गिऱ्हाइकागणिक बदलतात. सगळे प्रकार आगाऊ करून ठेवणे कोणाही कारखानदाराला परवडणार नाही. आणि एकाच्या मापाने चुकून केलेला पत्रा दुसऱ्याच्या कामी येईलच असे नाही. तेव्हा, मागितलेला माल होण्याजोगा आहे की नाही, हे यंत्र सुरू होण्यापूर्वीच कळले पाहिजे.

त्यासाठी सर्व प्रकारांची यादी करावी काय? 'हवे की नको' अशी नुसती वीस कलमे धरली, तरी प्रकार १०,४८,५७६ होतात! म्हणून प्रकारांची यादी न करता नियम लिहावयाचे. समजा, एका कारखान्याचे दोन नियम आहेत : पत्रा समुद्रकाठी जाणार असेल, तर थर जाड हवा; थर जाड असेल, तर रुंदी एक मीटरहून अधिक नको. आता अलिबागहून सव्वा मीटर रुंदीची मागणी आली. समुद्रकाठ आणि रुंदी यांचा संबंध सांगणारा नियम कोठेच नाही, म्हणून कारकून ती सहज मान्य करील. दोन्ही नियम साखळीसारखे जोडले, की विरोध उघड होतो.

मात्र 'जर-तर' उलटे वाचू नये. जाड थर मागणारा प्रत्येक जण समुद्रकाठचा नसतो. आपल्या नैयायिकांनी हे फार पूर्वीच सांगितले आहे : धूर तेथे अग्नी, पण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो.

नियम हजारांवर गेले की ही जोडणी माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. अमेरिकेत जॉन मॅक्डरमॉट यांनी १९७८ च्या सुमारास अशा नियमांची आज्ञावली रचली; डिजिटल इक्विपमेंट कंपनी ती १९८० पासून आपल्या संगणकांच्या मागण्या जुळविण्यासाठी वापरू लागली.

तरीही एक गोष्ट यंत्राच्या हाती नाही. रुंद पत्र्याचे नवे यंत्र आले आणि जुना नियम तसाच राहिला, तर तर्क बिनचूक चालेल आणि चांगले गिऱ्हाईक परत जाईल. नियम खरा की खोटा हे यंत्रापाशी उभा असलेला कामगारच जाणतो. त्याचे म्हणणे नियमाच्या वहीपर्यंत पोहोचेल, तोवरच या तर्कशास्त्राचा उपयोग.