व्याज टाळले, पण कागद पाहिले का?

नालासोपाऱ्यात, विरारमध्ये घर घ्यायचे ठरले की आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो व्याजाचा. मुलगा म्हणतो, भाडे भरून भरून हाती काय उरले? अब्बा कर्जाला तयार नसतात. अम्मी म्हणते, दागिने मोडू, पण व्याजात पडायचे नाही. मग एखादा एजंट भेटतो. अर्धे रोख द्या, बाकी हप्त्याने, बँकेची गरजच नाही, भावही कमी. घरातल्या सगळ्यांना वाटते, अल्लाहने वाट काढून दिली.

इथे जरा थांबावे. बँकेची गरज नाही असे एजंट म्हणतो, तेव्हा अनेकदा खरी गोष्ट अशी असते की त्या इमारतीवर कुठलीच बँक कर्ज देणार नाही. कारण ती अनधिकृत आहे. स्वस्ताई येते ती तिथून.

नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीजवळच्या ४१ इमारती आठवा. ती जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२४ च्या अखेरीस पाडकाम सुरू झाले आणि २०२५ च्या सुरुवातीला उरलेल्या इमारतीही गेल्या. दोन-अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जीव गेले. तीही अनधिकृतच.

व्याजाची बाब मी हलकी करत नाही. युरोपातील फतवा परिषदेने १९९९ साली तिथल्या मुस्लिमांना गरजेपोटी, अटींसह, राहत्या घरासाठी कर्जाची मुभा दिली. अनेक उलेमांना ते मान्य नाही. आपल्या आलिमांना विचारायचे तर पगार, भाडे, घरातली माणसे, सगळे सांगून विचारावे. (हेवी डिपॉझिट देऊन बिनभाड्याने राहणारे आपण सुटलो असे समजतात. त्यातही व्याजाचाच अंश आहे, असे अनेक उलेमा सांगतात.)

पण दीन व्याजापाशी संपत नाही. कुरआनातील सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदार घेण्याविषयी आहे. 'मशिदीतलाच माणूस आहे, कागद कशाला' हे तिच्या शिकवणीत बसत नाही. महापालिकेची बांधकाम परवानगी पाहा. इमारत जुनी असेल तर सिडकोची. भोगवटा प्रमाणपत्र मागा, सातबारा काढा. नवी इमारत असेल तर महारेराचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, कारण खोटे कागद इथे काही नवे नाहीत. खरेदीखताची नोंदणी झाली, घरपट्टी भरली, म्हणून इमारत अधिकृत ठरत नाही.

सगळ्यात अवघड वेळ येते ती ज्याने असे घर आधीच घेतले आहे त्याच्यावर. त्याला नोटीस येते. एजंट सुचवतो, गिऱ्हाईक आहे, बातमी फुटायच्या आत विकून टाका. मुलीचे लग्न तोंडावर असते, सारी जमापुंजी त्या दोन खोल्यांत अडकलेली असते. मालातला दोष लपवून विकू नये, हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. आणि गिऱ्हाईक म्हणून जो दारात उभा असतो, तोही दागिने मोडूनच आलेला असतो.