भिंतीतल्या यंत्राची पाठ

गिरगावातल्या आमच्या जुन्या इमारतीची रस्त्याकडची भिंत दीड फूट जाडीची आहे. ऊन अडवावे, पाऊस थोपवावा आणि वरच्या मजल्यांचा भार निमूटपणे वाहावा, यापलीकडे ती उभारणाऱ्यांनी तिच्याकडून कशाचीही अपेक्षा ठेवली नव्हती. खोलीची एकुलती एक खिडकी उजेडासाठी राखावी या विचाराने काही वर्षांपूर्वी आम्ही त्या भिंतीला भोक पाडून तीत दीड टनी वातानुकूलन यंत्र बसवले. आणि इमारतीचा दर्शनी भाग विद्रूप होऊ नये अशी रहिवाशांच्या मंडळाची ताकीद असल्यामुळे, यंत्राची पाठ बाहेरच्या गिलाव्याशी समतल राहील व जो काही फुगवटा दिसायचा तो आमच्याच खोलीत दिसेल, अशी तजवीज सुताराने मोठ्या चोखपणे केली. पहिल्याच मे महिन्यात यंत्राने असहकार पुकारला. दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे ज्या घटकेसाठी ते विकत घेतले नेमक्या त्याच घटकेला, आतून ‘टक्’ असा आवाज होई, कॉम्प्रेसरची घरघर थांबे आणि पंखा मात्र कोमट वारा फेकत राही. काही मिनिटांनी घरघर पुन्हा सुरू, आणि अर्ध्या तासाने पुन्हा ‘टक्’. त्या हंगामात दोन कारागीर येऊन गेले. दोघांनीही यंत्राला हात लावण्यापूर्वीच ‘गॅस कमी झालाय’ असा निकाल दिला, दोघांनीही ते उचलून आपल्या दुकानी नेले, आणि दोनदा गॅस पिऊन आलेले आमचे यंत्र पूर्वीपेक्षाही लवकर दम टाकू लागले.

तिसरे आले ते एक वयस्क मिस्त्री. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी फाडून घेतली, खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढले आणि ती पट्टी यंत्राच्या पाठीसमोर धरली. ती रस्त्याच्या दिशेने फडफडली. मग त्यांनी ती हळूहळू यंत्राच्या कडेला, लाकडी चौकट आणि पत्रा यांमधल्या फटीपाशी नेली, तेव्हा ती सर्रकन आत ओढली जाऊन तिथेच चिकटून बसली. ‘‘काका,’’ ते म्हणाले, ‘‘याची पाठ बाहेर आहे, पण बरगड्या भिंतीत कोंडल्यात. श्वास कुठून घेणार हे?’’

या एका वाक्यात त्या यंत्राचे सारे शास्त्र आले होते. आपण समजतो की हे यंत्र थंडी निर्माण करते. वस्तुतः ते काहीच निर्माण करीत नाही, खोलीतली उष्णता उचलून रस्त्यावर नेऊन टाकण्याची हमाली तेवढी करते. खोलीच्या बाजूला नळ्यांचे एक वेटोळे असते. त्यात द्रवरूप शीतक उकळून वायू होते आणि उकळताना लागणारी उष्णता खोलीच्या हवेतून शोषून घेते. कॉम्प्रेसर तो वायू दाबून अधिक तप्त करतो, पाठीमागच्या दुसऱ्या वेटोळ्यात तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रव होतो, आणि केसासारख्या बारीक नळीतून दाब उतरवून पुन्हा पुढच्या बाजूस परततो. मागच्या वेटोळ्याला गार ठेवणारी हवा येते कुठून? खिडकीत बसवायच्या यंत्राच्या पत्र्याला दोन्ही बाजूंस आणि बहुधा वरूनही ज्या तिरप्या फटी असतात त्यांतून पंखा बाहेरची हवा खेचतो व पाठीतून फेकतो. या फटी म्हणजेच मिस्त्रींच्या बरगड्या. त्या भिंतीत गाडल्या गेल्या की पंखा आपलीच ओकलेली गरम हवा कडेच्या फटीतून पुन्हा आत ओढतो, मागच्या वेटोळ्यातला दाब चढत जातो, कॉम्प्रेसर तापतो, आणि तो जळून जाऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर बसवलेला संरक्षक खटका ‘टक्’ करून त्याला विश्रांतीला पाठवतो. भिंतीतून आरपार बसवण्यासाठीच बनवलेली, बाजूला एकही फट नसलेली आणि हवा घेणे-सोडणे दोन्ही पाठीनेच करणारी यंत्रे अमेरिकेत सर्रास मिळतात. आपल्या बाजारात मात्र खिडकीचेच यंत्र भिंतीत ढकलण्याची वहिवाट आहे, आणि निम्म्या तक्रारींचे मूळ, माझ्या मते, या वहिवाटीतच आहे.

उपाय सरळ होता. यंत्र नऊ इंच बाहेर सरकवले, त्याखाली भिंतीत लोखंडी अँगल ठोकून आधार दिला (पन्नास किलोंहून अधिक वजनाचा हा ऐवज नुसत्या चौकटीच्या भरवशावर रस्त्यावर टांगणे म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जिवाशी खेळ), आणि बाहेरच्या कडा छिन्नीने तासून भोकाचे तोंड कर्ण्यासारखे पसरट केले. मंडळाची मंजुरी मिळवायला मात्र या कामापेक्षा दुप्पट दिवस लागले.

पण आणखी एक काम निघाले, आणि तेच अधिक उद्बोधक होते: दोनदा भरलेला जादा गॅस काढावा लागला. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की गाडीतल्या पेट्रोलासारखा तो जळून संपत असावा, असे सुशिक्षित माणसेही धरून चालतात. प्रत्यक्षात शीतक खर्च होत नाही. कारखान्यातून सील होऊन निघालेल्या नळ्यांत तेच ते कित्येक वर्षे फिरत राहते. ते कमी झाले असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. प्रामाणिक कारागीर नळ्यांत नायट्रोजन दाबून सांध्यांवर साबणाचा फेस लावतो, बुडबुडा उठेल तो सांधा झाळतो, पंपाने नळ्यांतली हवा व बाष्प उपसून निर्वात करतो, आणि मग यंत्राच्या पाटीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून भरतो. ही पाटी वाचणे ग्राहकाच्याही हिताचे आहे. जुन्या यंत्रांत आर-२२ असे, जे ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये हद्दपार होत आहे. नव्यांत बहुधा आर-३२ असते, ते ओझोनला निरुपद्रवी पण काहीसे ज्वलनशील, म्हणून बंद खोलीत त्याच्याजवळ झाळकाम करू देऊ नये.

‘दीड टन’ म्हणजे यंत्राचे वजन, असा माझ्या एका आतेभावाचा बरीच वर्षे समज होता. हा टन बर्फाचा. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील तेवढी त्याच वेळात उपसण्याची शक्ती म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत साडेतीन किलोवॉट. बर्फाशी हे नाते निव्वळ परिभाषेचे नाही. १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने गोठलेल्या तळ्यांतला बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने कलकत्त्यास पाठवला, आणि लवकरच मुंबईतही तो उतरू लागला. जमशेटजी जिजीभाईंच्या मेजवानीत आइसक्रीम वाढले गेले आणि यजमानांसकट पाहुण्यांना पडसे झाले, अशी आठवण शहराच्या जुन्या बखरी सांगतात. अर्धा पृथ्वीगोल वळसा घालून जो गारवा येई तो आज भिंतीतल्या भोकातून येतो, आणि पडशाची तक्रार अजून चालूच आहे.

टन अधिक तितके बरे, ही मात्र घातक समजूत. विलिस कॅरियरने १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी पहिले यंत्र योजले ते गारव्यासाठी नव्हे, तर दमट हवेने कागद फुगून रंगांची जुळणी बिघडे म्हणून. मुंबई-पणजीच्या हवेत आपली खरी फिर्याद हीच आहे. लहान खोलीत मोठे यंत्र बसवले की ते चार मिनिटांत हवा गार करून थांबते, बाष्प गाळायला त्याला उसंतच मिळत नाही, आणि अंगाला ओली चादर लपेटल्यासारखा चिकट थंडावा वाट्याला येतो. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या साधारण खोलीला एक टन पुरतो. वरच्या मजल्याची तापती गच्ची किंवा पश्चिमेची काच असेल तर थोडा अधिक. तसेच, घाईघाईने १६ अंश लावल्याने खोली लवकर गार होत नाही. तो आकडा यंत्राने कुठे थांबायचे एवढेच सांगतो, किती जोराने धावायचे हे जुन्या धाटणीच्या यंत्राला कळतच नाही. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडची यंत्रे सुरू होतानाच २४ वर लागतील असा सरकारी दंडक आहे, आणि तो मला शहाणपणाचा वाटतो.

बसवताना एवढे पाहावे: भोक खांब किंवा तुळई टाळून असावे, जुन्या भारवाहू भिंतीत वर लिंटेल घातल्याशिवाय विटांना हात लावू देऊ नये, सागवानी चौकट घट्ट असावी आणि कडेच्या फटी फोमने बुजवाव्यात. विजेसाठी स्वतंत्र तार, १६ अँपिअरचा सॉकेट, योग्य खटका व बिनधोक अर्थिंग हवे. याबाबतीत वायरमनशी घासाघीस करू नये.

पाणसळ ठेवून पाहिली असता बुडबुडा किंचित आतल्या बाजूस सरकलेला दिसावा, म्हणजे यंत्राची पाठ पाव ते अर्धा इंच उतरती आहे असे समजावे. हा उतार उलटा पडला, की हवेतून गळलेले पाणी पुढे येऊन पलंगावर टपकते. उतार बरोबर असूनही टपकत असेल तर तबकाच्या वाटेत बुळबुळीत शेवाळ साचले आहे. पावसाळ्यात पाठीमागून ‘छप छप’ आवाज येतो त्याला मात्र घाबरू नये. पुष्कळ यंत्रांत मागच्या तबकात मुद्दाम थोडे पाणी साठू देतात आणि पंख्याच्या परिघावरचे कडे ते उडवून तापलेल्या वेटोळ्यावर शिंपडते, जेणेकरून ते अधिक गार राहावे. आवाज नको म्हणून तबकाला भोक पाडणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांनी फुकटचा भिस्ती कामावरून काढून टाकला.

पुढची जाळी दर पंधरवड्याला नळाखाली धुवावी. हे काम कोणाकडूनही करवून घेण्याचे नव्हे, स्वतःच करण्याचे आहे. ती धुळीने बुजली म्हणजे वेटोळ्यावर हवा पोचत नाही आणि त्यावर बर्फ धरतो. बर्फ दिसताच लोक गॅसकडे बोट दाखवतात, परंतु आधी जाळी धुवून, नुसता पंखा तासभर चालवून बर्फ वितळू द्यावा. स्वच्छ जाळीनंतरही वेटोळ्याच्या एखाद्याच कोपऱ्यावर बर्फ धरत असेल, तर मग गळतीचा संशय रास्त. कॉम्प्रेसर सुरू होताना नुसता गुणगुणून ‘टक्’ करीत असेल तर पुष्कळदा काही शे रुपयांचा कॅपॅसिटर फुगलेला असतो. मात्र तो प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवतो, म्हणून तिथे हौशी हात घालू नये. यंत्र बंद केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा सुरू न करणे, एवढे पथ्य पाळले तरी कॉम्प्रेसरचे आयुष्य वाढते, कारण तेवढ्यात नळ्यांतले दाब समसमान होतात.

वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, यंत्र चौकटीतून बाहेर काढून पाण्याने धुवून घ्यावे. समुद्रकाठी ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या खाऱ्या हवेने भुरभुरीत होतात. बोट लावताच राखाडी पीठ हाती येते. आमचे यंत्र नऊ इंच पुढे आल्यापासून दुपारचा ‘टक्’ कायमचा थांबला, परंतु त्या नऊ इंचांच्या सपाट माथ्यावर पारव्यांनी आपला हक्क प्रस्थापित केला आहे. यंदा फेब्रुवारीत मिस्त्री आले तेव्हा तिथे दोन अंडी होती. त्यांनी पिशवी पुन्हा खांद्याला अडकवली, ‘‘महिना-दीड महिन्याने फोन करा,’’ म्हणाले, आणि चहा घेऊन गेले.